कलम, पोटकलम आणि कर्ता

१८५७ साली उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांचे राज्य राहते की जाते अशी वेळ आलेली असताना, त्याच इंग्रज सरकारने कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांत विद्यापीठे स्थापन करण्याचे कायदे मंजूर केले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रकरणांत छापलेली असल्यामुळे, दोहोंचा एकत्र विचार करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक सरकारने त्या वर्षी दोन मोहिमा एकदम हाती घेतल्या होत्या. पैकी तोफांची मोहीम दोन वर्षांत आटोपली. व्याकरणाची मोहीम अद्याप चालू आहे, आणि तिच्यात धारातीर्थी पडलेल्यांची गणती कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली. तीत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे उत्तीर्ण झाले, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु त्या परीक्षेत उत्तीर्णांहून अनुत्तीर्णांची संख्या कितीतरी अधिक होती, आणि गुणकर्माच्या दृष्टीने पाहता आपणांपैकी बहुतेकांचे नाते रानडे-भांडारकरांपेक्षा त्या निनावी मंडळींशीच अधिक जवळचे आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या परीक्षेची नावे पुढे पुष्कळ बदलली. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस लोक मॅट्रिक म्हणू लागले, स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली, आणि शालान्त परीक्षेच्या गुणांवर विसंबता येत नाही असे ठरल्यानंतर विधी, व्यवस्थापन, संरक्षण अशा एकेका वाटेच्या तोंडाशी एकेक स्वतंत्र प्रवेश परीक्षा येऊन बसली. इंग्रजी आठवीपासून शिकवावे, असे बाळासाहेब खेरांच्या राजवटीत ठरले. ते पहिलीपासून शिकवावे, असे २००० साली महाराष्ट्र सरकारने ठरविले. आणि या दोन निर्णयांच्या मधल्या अर्धशतकात इंग्रजी हवे की नको या विषयावर महाराष्ट्रात अस्खलित मराठीतून असंख्य व्याख्याने झाली. परंतु आरंभ आठवीत करा वा पहिलीत करा, अखेरीस मुलास 'नो सूनर' विचारावयाचे, याविषयी कोणत्याही पक्षात मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही.

परीक्षेसाठी शिकावयाचे इंग्रजी व्याकरण हे भाषेचे एक अंग आहे, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती प्रथम दूर केली पाहिजे. भाषा बोलण्यासाठी असते, भांडण्यासाठी असते, प्रसंगी प्रेम करण्यासाठीही असते. हे व्याकरण यांपैकी कशासाठीही नाही. ते एक फौजदारी शास्त्र आहे. त्यात कलमे आहेत, पोटकलमे आहेत, अपवाद आहेत, अपवादांचे अपवाद आहेत, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात सदैव एक निरुपद्रवी वाक्य उभे आहे. विद्यार्थ्याने त्या वाक्याशी ओळख करून घ्यावी, ते कोणी कोणास उद्देशून उच्चारले याची चौकशी करावी, असे कोणी त्यास सांगत नाही. त्याने फक्त कलम लावावयाचे असते.

हा कायदा ज्यांनी रचला त्यांचे पूर्ववृत्त पाहिले म्हणजे त्याच्या स्वरूपाचा उलगडा होतो. १७६२ साली इंग्रजीचे व्याकरण लिहून ज्यांनी शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याही चुका काढून दाखविल्या, ते रॉबर्ट लाउथ हे धर्मोपदेशक असून पुढे लंडनचे बिशप झाले. १७९५ साली ज्यांचे व्याकरण प्रसिद्ध होऊन इंग्रजी भाषेच्या साऱ्या मुलखात पुढे कित्येक दशके चालले, ते लिंडली मरे हे मूळचे न्यूयॉर्कचे वकील. हवापालटासाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले असता, तेथील मुलींच्या शाळेच्या शिक्षिकांनी गळ घातल्यामुळे त्यांनी ते रचले. म्हणजे इंग्रजी वाक्यात पाप कोणते हे बिशपने ठरविले, गुन्हा कोणता हे वकिलाने ठरविले, आणि त्या दोहोंची शिक्षा सातासमुद्रांपलीकडे सातारच्या मुलास झाली.

तिसरे शास्त्रकार नेसफील्ड. हे अयोध्या प्रांताच्या शिक्षणखात्यातील अधिकारी. त्यांनी १८८५ साली वायव्य प्रांत व अयोध्या येथील जातिसंस्थेवर एक प्रबंध लिहून, जात ही वंशावरून ठरली नसून धंद्यावरून ठरली, असा सिद्धान्त मांडला. आणि त्यानंतर शाळांसाठी इंग्रजी व्याकरणाची पुस्तके लिहून, शब्दाची जात तो वाक्यात कोणते काम करतो यावरून ठरते, असे प्रतिपादन केले. पहिला सिद्धान्त माणसांनी मानला नाही. दुसरा शब्दांनी निमूटपणे मानला, आणि त्यामुळे पुढील दोनतीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना एकेका शब्दास उभे करून, तू कोण, कोणाचा, कोणत्या विभक्तीत आणि कोणाच्या ताब्यात, अशी त्याची झडती घ्यावी लागली. यास पार्सिंग म्हणत. पोलिसखात्यातील जुन्या फौजदारांपैकी कित्येकांचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झालेले असे, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

चौथे शास्त्रकार, ज्यांचे नाव आजही कोणत्याही बुकडेपोत उच्चारले असता दुकानदार मागे न वळता हात वर करून लाल पुस्तक काढतो, ते रेन. रेन आणि मार्टिन ही एकच व्यक्ती आहे अशी महाराष्ट्रातील बहुसंख्य पालकांची श्रद्धा असली, तरी ते दोन गृहस्थ होते, आणि पैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात बरीच वर्षे नोकरीस होते. त्यांची दुसरी कीर्ती आपणांकडे फारशी पोचलेली नाही. फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर त्यांनी साहसकथा लिहिल्या, आणि त्यांतील १९२४ सालची 'बो जेस्ट' ही कादंबरी जगभर गाजून तिचे चित्रपटही निघाले. वाळवंटातील एका किल्ल्यास वेढा पडलेला असून आतील शिबंदी एकेक करून गारद होत आहे, आणि शत्रूस किल्ला भरलेला वाटावा म्हणून मेलेल्या शिपायांना बंदुकांसह तटाच्या झरोक्यांत उभे करून ठेवले आहे, असा त्या कादंबरीत एक रोमांचकारी प्रसंग आहे. व्याकरणाच्या पुस्तकातील रिकाम्या जागा भरा, रूपांतर करा, एकत्र करा, या सदरांखालील वाक्यांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्यास ही कल्पना ग्रंथकर्त्यास कोठे सुचली असावी याविषयी निराळ्या पुराव्याची गरज वाटणार नाही.

त्या मेलेल्या शिपायांचा एक स्वतंत्र गाव आहे. रेन-मार्टिनच्या आधी आमच्या घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि बापाने ती मुलास वंशपरंपरेने द्यावी असा शिरस्ता होता. पुढे गाइडे आली, क्लासांच्या छापील नोट्स आल्या. परंतु ग्रंथ कोणताही उघडला तरी गाव तोच. या गावात एक डॉक्टर आहे. तो बोलावल्याबरोबर निघतो, परंतु तो येऊन पोचण्यापूर्वी रोगी नेहमीच मरण पावलेला असतो, कारण रोगी जगला तर पूर्ण भूतकाळ मरतो. येथील आगगाडी कोणाचीही वाट पाहत नाही. प्रवासी स्टेशनावर येतो तेव्हा ती निघून गेलेली असते, आणि एवढ्या वर्षांत त्या प्रवाशाने घरून अर्धा तास अगोदर निघण्याचा विचार केलेला नाही. येथे एक म्हातारा आहे. तो चालता येऊ नये इतका अशक्त आहे. त्याची हकीकत प्रथम 'टू' घालून सांगावयाची, मग 'टू' काढून 'सो' आणि 'दॅट' घालून सांगावयाची. आणि दोन्ही प्रकारे ती बिनचूक सांगून दोन गुण पदरात पडल्यानंतर त्यास आधाराला काठी द्यावी, हे कोणास सुचत नाही. येथील एक मुलगा वर्गात सर्वांत उंच आहे, दुसऱ्या कोणाही मुलापेक्षा अधिक उंच आहे, आणि त्याच्याइतका उंच दुसरा कोणीच नाही. या तिन्ही वार्ता एकाच मुलाच्या असून त्या कळविल्यानंतरही तो उंचीने एक अंगुळही वाढत नाही. आणि येथे एक चोर आहे, जो शिपायास पाहताच पळून जातो. तो 'ॲज सून ॲज' पळतो, 'हार्डली' पळतो, 'स्केअर्सली' पळतो, 'नो सूनर' तर इतक्या वेळा पळाला आहे की त्या पावलांनी एव्हाना विलायत गाठली असती. परंतु त्यास पकडण्याचे कोणत्याही वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत फर्मावलेले नसल्यामुळे, 'नो सूनर'नंतर 'व्हेन' न येता 'दॅन'च आला आहे ना, एवढी रुजुवात करून परीक्षक त्यास सोडून देतात.

या राज्यात मराठी मुलगा उमेदवार म्हणून दाखल होतो तेव्हा तो रिकाम्या हाताने येत नाही, याची जाणीव त्यास कोणी करून दिलेली नसते. पाच वर्षांचे मराठी पोर, रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने केळे खाल्ले, असे सहज बोलून जाते. म्हणजे येथे क्रियापदाने प्रत्यक्ष कर्त्यास विचारावयाचे नसून फळाची आज्ञा पाळावयाची, हे त्यास कळते. रामाने मांजराला मारले, रामाने मांजरीला मारले, असे म्हणताना क्रियापदाने रामाचेही ऐकावयाचे नाही आणि मांजराचेही ऐकावयाचे नाही, स्वस्थ नपुंसकलिंगात बसून राहावयाचे, हेही त्यास कळते. कर्तरी, कर्मणी व भावे या तीन प्रयोगांतून, तीन लिंगांतून आणि दोन वचनांतून एकदाही न अडखळता वावरणारा हा महावैयाकरण पुढे परीक्षेस बसतो आणि 'ही गो' असे लिहून एका 'ज'साठी नापास होतो. इंग्रजी क्रियापदास वर्तमानकाळात कर्त्याची ओळख पटविण्यासाठी काय तो एवढा एकच प्रत्यय उरलेला आहे. आणि ज्याच्याजवळ एकच दागिना असतो तो त्याविषयी किती जागरूक असतो, हे सांगावयास नको.

परीक्षकही हे जाणून असतो. म्हणून तो कर्ता व क्रियापद यांना शेजारी बसू देत नाही. दोहोंच्या मध्ये आंबे, करंड्या, पावत्या, चुलतभाऊ अशी एवढी गर्दी करून ठेवतो की क्रियापदापर्यंत येईतो कर्ता एकवचनी होता हे विसरून जावे. या प्रकरणातील पोटकलमे मात्र आमच्या लोकांस चटकन समजतात, असा अनुभव आहे. 'मामलेदार ॲज वेल ॲज हिज क्लार्क्स' असा कर्ता आल्यास क्रियापद एकवचनी ठेवावे, कारण 'ॲज वेल ॲज'च्या पलीकडे कितीही कारकून उभे असले तरी ते हिशेबात धरावयाचे नसतात. हा नियम तालुक्याच्या गावी वाढलेल्या विद्यार्थ्यास दोनदा सांगावा लागत नाही. 'नायदर' आणि 'नॉर' यांनी दोन कर्ते जोडले असता क्रियापदाने जो जवळ असेल त्याच्या तंत्राने चालावे, हा दुसरा नियम. आणि ज्याने कोणत्याही कचेरीत आठ दिवस काढले आहेत, त्यास तो मुळीच शिकवावा लागत नाही.

याच्या उलट स्थिती 'अ', 'ॲन' आणि 'द' या तीन उपपदांची. ही चीज आपल्या भाषेत मुळातच नसल्यामुळे ती कोणास द्यावी, कोणास देऊ नये आणि न दिल्यास कोण रुसेल, हे सारे लग्नातील मानपानासारखे आहे. नियम सांगणाऱ्या आत्याबाई पुष्कळ, परंतु प्रत्येक नियमाच्या शेवटी कोणीतरी रुसलेले दिसतेच. नद्यांना 'द' द्यावा, म्हणून गोदावरीस तो मिळतो. पर्वतांच्या रांगांना द्यावा, म्हणून सह्याद्रीसही मिळतो. परंतु एकट्या शिखरास देऊ नये, असे कलम असल्यामुळे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, १६४६ मीटर उंचीवर वाऱ्यापावसात उभे असूनही त्यास या मानापासून वंचित राहावे लागते. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द लिहिताना स्वराने सुरू होतो, तरी त्याच्या वाट्यास नुसता 'अ' येतो, 'एम.ए.'चे पहिले अक्षर व्यंजन, तरी त्यास 'ॲन' मिळतो. यावरून एम.ए. झालेल्या मनुष्याचा दर्जा ज्या युनिव्हर्सिटीने त्यास एम.ए. केले तिच्याहून वरचा मानावा काय, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात उभा राहतो, आणि येथूनच त्याचे गुण कमी होऊ लागतात.

मृत्यूनंतर तरी या कायद्याच्या अमलातून सुटका होत असेल, अशी आशा करणाराची निराशा होते. मनुष्य रोगाने मेला असल्यास त्याच्यामागे 'ऑफ' लावावा, जखमेने मेला असल्यास 'फ्रॉम' लावावा, देशासाठी मेला असल्यास 'फॉर' लावावा, असे ठरलेले आहे. देशासाठी लढताना जखम होऊन, त्या जखमेतून उद्भवलेल्या रोगाने एखादा वीर इस्पितळात वारला तर काय करावे, हे पुस्तकांत दिलेले नाही. अशा वीरांनी परीक्षार्थींचा विचार करून कोणत्या तरी एका कारणाने मरावे, हेच इष्ट.

अप्रत्यक्ष कथनाचे प्रकरण तर उघडउघड कोर्टातूनच आणलेले आहे. साक्षीदार जे बोलला ते त्याच्या शब्दांत लिहावयाचे नाही. जबानी उतरून घेणाऱ्या कारकुनाने त्यातील जीव काढून घेऊन मग ती दफ्तरी दाखल करावयाची. 'आज' असल्यास 'त्या दिवशी' करावे, 'उद्या' असल्यास 'दुसऱ्या दिवशी' करावे, 'येथे' असल्यास 'तेथे' करावे, आणि वर्तमानकाळ दिसेल तेथे त्यास ओढत भूतकाळात न्यावे. सामना जिंकून पोरांनी 'हुर्रे' म्हणून टोप्या उडविल्या, तर 'आपण सामना जिंकला असल्याचे त्यांनी आनंदाने उद्गारिले' असा पंचनामा करावा. कोणी 'अरेरे' म्हणून कपाळास हात लावला, तर 'दुःखाने उद्गारिले' असे नमूद करावे. मनुष्याच्या सुखदुःखांची इतकी व्यवस्थित नोंद घेऊन त्यांतील सुख व दुःख दोन्ही काढून टाकणारे दुसरे शास्त्र अस्तित्वात नाही. त्याच्याच शेजारी कर्मणी रचनेचे प्रकरण बसते. तीत कर्ता अज्ञात असल्यास किंवा त्याचे नाव घेणे गैरसोयीचे असल्यास तो खुशाल गाळावा, अशी सनद आहे. आणि पूल बांधला गेला, पूल पडला असल्याचे निदर्शनास आले, चौकशीचे आदेश देण्यात आले, या सरकारी वाक्यपरंपरेत कर्त्याचा मागमूस का लागत नाही, याचा उगम शोधणाराने मंत्रालयात हेलपाटे घालण्यापेक्षा दहावीचे गाइड चाळावे.

असे असूनही या शास्त्राने आपणांस काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मेजर कँडी यांच्यासारख्या इंग्रज पंडितांनी गेल्याच्या मागल्या शतकात मराठीत विरामचिन्हे आणली. आणि परीक्षेसाठी इंग्रजी वाक्याचे पृथक्करण करून, प्रधान वाक्य एका रकान्यात, गौण वाक्ये दुसऱ्या रकान्यात, त्यांचे परस्परांशी नाते तिसऱ्या रकान्यात, अशी खतावणी मांडण्यात ज्यांची विद्यार्थिदशा गेली, त्यांच्या हाती लेखणी आल्यावर मराठीतही अशी वाक्ये जन्मास येऊ लागली की, ज्यांच्या आरंभी कर्ता घरून निघतो, वाटेत त्यास जे जे विशेषणवाचक, हेतुदर्शक व संकेतार्थी आप्तेष्ट भेटतात त्या सर्वांची विचारपूस करीत तो पुढे सरकतो, आणि वाचकाचा धीर सुटण्याच्या बेतात असता पूर्णविरामापाशी एकदाचे क्रियापद त्याच्या दृष्टीस पडते. या प्रकारचे उदाहरण वाचकांस दूर शोधावे लागणार नाही.

आणखी एक देणगी सामाजिक आहे. मॅट्रिकला बसून जो पडला, त्यास पूर्वी नुसते अशिक्षित म्हणत नसत. त्यास 'नॉन-मॅट्रिक' म्हणत, आणि अर्जात तसे नमूद करून कारकुनीची उमेदवारी करण्याचा त्यास अधिकार असे. एखादी गोष्ट न होणे हीसुद्धा एक पदवी असू शकते, हा शोध ज्या समाजाने लावला, त्याने अपवाद हा नियमाचाच भाग आहे हे तत्त्व पूर्णपणे पचविले होते, यात संशय नाही.

आता प्रश्न असा की, इतकी वर्षे हा कायदा घोकून आपल्या हाती आले काय? इंग्रजी ही भाषा, खुद्द इंग्रजांच्या घरी, कलमांवर चालत नाही. ती वहिवाटीवर चालते. 'डाय'पुढे 'ऑफ' का, असे लंडनमधील भाजीवाल्यास विचारले तर तो, तसेच म्हणतात, यापलीकडे काही सांगू शकणार नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने वहिवाट सिद्ध करण्यास तेवढे पुरे आहे. आम्हांस मात्र सारी कलमे मुखोद्गत आहेत, आणि स्टेशनावरच्या परक्या साहेबास रस्ता सांगावयाची वेळ आली की, 'शॅल' की 'विल', 'इन' की 'ॲट', अशी मनातल्या मनात सुनावणी सुरू होते, उभय पक्षांचे म्हणणे ऐकले जाते, आणि निकाल लागेपर्यंत साहेब विचारीत विचारीत पोचलेलाही असतो. एकूण व्यवहाराचा सारांश एवढाच की, सातबाऱ्याचा उतारा अक्षरशः आम्हांस पाठ आहे; जमीन दुसराच कसतो.

अलीकडे परीक्षांचे स्वरूप पालटले आहे, असे सांगतात. हाताने उत्तरे लिहिण्याचे दिवस गेले. आता चार पर्यायांपैकी एकावर खूण करावयाची असते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ इच्छिणाऱ्यांस सामान्य क्षमतेच्या ६०० गुणांपैकी २०० गुणांचे इंग्रजी सोडवावे लागते, आणि त्यात वाक्याचे चार तुकडे विस्कटून ते क्रमाने लावावयास सांगतात. फुटलेल्या पलटणीस पुन्हा रांगेत उभे करण्याचा हा पूर्वाभ्यास असावा. विधी महाविद्यालयांसाठी असलेल्या क्लॅट या परीक्षेने तर २०२० पासून सुट्या व्याकरणाचे प्रश्न सोडून उतारे वाचून समजून घेण्यावर भर दिला. जी मुले पुढे वकील व्हावयाची, त्यांच्याच परीक्षेने भाषेवरील खटला सर्वांआधी काढून घ्यावा, यास योगायोग म्हणावे की कायद्याच्या लोकांस कायद्याच्या मर्यादा अगोदर कळतात असे म्हणावे, याचा निर्णय जाणत्यांनी करावा.

तरीही बहुतेक परीक्षांतून एक प्रश्न अद्याप ठाण मांडून आहे, आणि माझ्या मते या साऱ्या शास्त्राचे सार त्यात उतरले आहे. एक वाक्य देतात. त्याचे तीन भाग पाडून त्यांस अ, ब, क अशी नावे देतात. कोणत्या भागात चूक आहे ते ओळखा म्हणतात. आणि चौथा पर्याय म्हणून शेवटी 'चूक नाही' असे छापतात. क्लासांतून दोन दोन वर्षे मुलांकडून जी तयारी करून घेतात ती पहिल्या तीन पर्यायांची असते. क्रियापदाचे वचन तपासा, सर्वनाम कोणाकडे बोट दाखविते ते पाहा, लटकणारे विशेषण पकडा, काळांची साखळी कोठे तुटली ते शोधा, शब्दयोगी अव्ययाची अंगझडती घ्या. ही सर्व कौशल्ये उपयोगाची आहेत आणि ती ज्याने हस्तगत केली त्यास पुष्कळ गुण मिळतील, याविषयी वाद नाही. परंतु वाक्य निर्दोष असता ते निर्दोष आहे असे ओळखून सोडून देण्याचे कौशल्य कोणत्याही क्लासात शिकवीत नाहीत. त्यामुळे असे एखादे धडधाकट वाक्य समोर आले की हुशारातील हुशार विद्यार्थी गोंधळतो. तो ते पुन्हा वाचतो, उलटे वाचतो, 'द'कडे संशयाने पाहतो, स्वल्पविरामास दरडावतो, आणि एवढे सरळ वागणारे वाक्य नक्कीच काहीतरी दडवीत असले पाहिजे अशी खात्री होऊन अखेरीस 'ब'वर खूण करतो. मनुष्य नको तेथे चूक काढून गुण घालवितो तो असा. आणि हे परीक्षेच्या दालनाबाहेर, सुनेच्या स्वयंपाकापासून शेजाऱ्याच्या बांधकामापर्यंत, किती ठिकाणी घडते याचा हिशेब सरकारने कधी ठेवलेला नाही.

म्हणून परीक्षार्थी तरुणांस माझा एवढाच सल्ला आहे की, तीन भागांची चौकशी अगदी कसून करावी, पण पुरावा न मिळाल्यास चौथ्या पर्यायावर खूण करण्याइतके औदार्य हाताशी ठेवावे. अलीकडे काही परीक्षांत चुकीच्या संशयाबद्दल पाव गुण दंडही घेतात, तेव्हा औदार्य हे काटकसरीच्या दृष्टीनेही सोयीचे आहे. आणि वाचकांपैकी ज्या जुन्या मॅट्रिक मंडळींनी हाती लाल पेन्सिल घेऊन प्रस्तुत लेखाचे अ, ब, क असे भाग एव्हाना पाडले असतील, त्यांनाही चौथा पर्याय छापलेला आहे, एवढे नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.